गुहागर ते राजापूर: ओटीवरच्या घड्याळांसाठी तीन दिवस

जानेवारीत तीन दिवस काढून गुहागर, जयगड, रत्नागिरी, राजापूर असा फेरा केला. जुन्या घरांतली टोल्यांची घड्याळं बघायची आणि जमेल तिथे चालू करून द्यायची, एवढंच काम. विकत घ्यायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. दारात उभं राहून "विकणार का?" विचारलं की बोलणं तिथेच खुंटतं. शिवाय घर सामाईक, चुलत भाऊ मुंबईला. ओटीवरचं घड्याळ नक्की कुणाचं, हे घरात असलेला माणूसही एकट्याने सांगू शकत नाही. "चालू होतंय का बघू?" म्हटलं की मात्र आधी कोकम सरबत येतं आणि मागोमाग स्टूल.

चिपळूणहून गुहागर एसटीने सव्वा-दीड तास. पहिल्याच घरात जुंगहान्स या जर्मन कंपनीचं घड्याळ निघालं. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आणि टॉर्च सोबत ठेवा. मशीन न काढता मागच्या पितळी पत्र्यावरचा शिक्का दिसतो. आठ टोकांचा तारा आणि मध्ये इंग्रजी 'जे'. हा तारा १८९० पासूनचा, म्हणजे घड्याळ त्याआधीचं नाही एवढं पक्कं. एकमेकांना छेदणारे दोन बाण दिसले तर ते हॅम्बुर्ग अमेरिकन कंपनीचं.

काका म्हणाले, "गणपतीआधी घराला रंग काढला तेव्हापासून बंद आहे. मशीन गेलं असणार."

मशीन ठणठणीत होतं. पुन्हा टांगताना पेटी जराशी कलली होती, बस्स. लंबक हलवून डोळे मिटून ऐकलं: टिक-टक, मग मोठी फट, परत टिक-टक. पेटीचं खालचं टोक अर्धं बोट डावीकडे सरकवल्यावर दोन्ही आवाज सारख्या अंतराने पडायला लागले. यासाठी पाणसळ लागत नाही, कान पुरतो. भिंतीवर पेन्सिलीने खूण करून दिली, पुढच्या रंगानंतर ती परत काढायची. टोले मात्र चुकत होते, कारण कुणीतरी काटा भराभर फिरवला होता. काटा पुढेच न्यायचा, उलटा नाही, आणि दर अर्ध्या तासाला टोला पूर्ण पडू द्यायचा.

तवसाळ-जयगड फेरीबोटीने पलीकडे गेलो. मागच्या वर्षी याच बोटीवर माझ्याकडचं एक घड्याळ लंबकासकट होतं. जीपच्या धक्क्यांनी लंबक ज्या पातळ पट्टीवर लटकतो ती तुटली. घड्याळ हलवायचं तर लंबक आधी काढा, वेगळ्या कापडात गुंडाळा. खाऱ्या हवेत ती पट्टी गंजून अशीही कमकुवत झालेली असते. दोन-तीन जादा जवळ असू द्या.

रत्नागिरीत एका जुन्या सामानाच्या दुकानात 'अस्सल अॅन्सोनिया', म्हणजे त्या नावाच्या अमेरिकन कंपनीचं घड्याळ, दाखवलं. तबकडीवर नाव होतं, पण पाठीच्या फळीवर आताच्या मशीनशी न जुळणारी चार जुनी स्क्रूची भोकं. पेटी एकाची, मशीन दुसऱ्याचं. अॅन्सोनियाची यंत्रसामग्री १९२९ मध्ये सोव्हिएत सरकारने विकत घेतली. त्यानंतरची 'अॅन्सोनिया' बघताना जास्तच सावध राहा. तबकडीवर विसंबू नका, फळीवरची भोकं बघा.

राजापूरजवळच्या घरातलं घड्याळ मला सर्वांत जास्त शिकवून गेलं. आजी म्हणाल्या, "थंडीत पहाटे थांबतं. ऊन चढल्यावर लंबक हलवला की चालतं." दरवाजा उघडताच वास आला, खोबरेलाचा! वर्षानुवर्षं दर दिवाळीला पिसाने तेल लावलेलं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, आणि जानेवारीच्या पहाटे ओटीवर त्याहून गार असतं. चाकांच्या आसांभोवती हिरवी, चिकट मेणासारखी पुटं चढली होती. त्यात धूळ मिसळली की तेच वंगण कानशीसारखं पितळ खातं आणि आस ज्यात फिरतो ते पत्र्यातलं गोल भोक लांबट होतं. दोन भोकं तशी झालीच होती. त्यांना बुश, म्हणजे पितळेची बारीक नळी, घालायला मशीन घड्याळजीकडेच न्यावं लागेल.

मी केलं ते तात्पुरतं. देवघरातल्या दिव्यापासून लांब, पडवीत बसून, काडीला कापड गुंडाळून पांढऱ्या पेट्रोलने भोकांभोवतीच्या खोलगट वाट्या पुसल्या आणि सुईच्या टोकाने घड्याळाच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. दात्यांना तेल लावायचं नाही. चावी दिलेल्या स्प्रिंगचं मशीन खोलायचं तर मुळीच नाही. खटका सुटला तर बोट मोडतं.

जायचं तर दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत. पावसात लाकूड फुगतं, दारं अडकतात, फेरीबोटीचाही भरवसा नसतो. चाव्यांचा जुडगा, मापं वेगवेगळी असलेला, हवाच. निम्म्या घरांत मूळ चावी हरवलेली असते.

परवा आजींच्या नातवाचा फोन आला: पहाटे थांबत नाही, पण आठवड्यात चार मिनिटं पुढे गेलं. लंबकाखालचा नट पाव फेरा सोडून लंबक खाली उतरवायला सांगितलंय. रविवारी चावी देताना तो परत बघून कळवणार आहे.