अर्धं पेर मलम

पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर मला खाली, लघवीच्या जागी, खाज सुरू झाली. दिवसा कामात निभावून जायचं, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की झोप लागू देत नसे. 'फंगस आहे' म्हणून दोन वर्षं गोळ्या-मलमं झाली. तपासून मात्र कुणी पाहिलं नाही, आणि मीही 'बघा' म्हणाले नाही. चिरा पडल्या, लघवी झोंबायला लागली. तेव्हा कोल्हापूरला त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंकडे एकटीच गेले.

त्यांनी दिव्याखाली नीट पाहिलं आणि माझ्या हातात आरसा दिला. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ती जागा मी पहिल्यांदा पाहिली. कातडी लसणाच्या पापुद्र्यासारखी पांढरी, पातळ, सुरकुतलेली. आतले ओठ जवळजवळ सपाट झालेले. आजाराचं नाव लायकेन स्क्लेरोसस. हा संसर्ग नाही, नवऱ्याला लागत नाही, अस्वच्छतेनं होत नाही. हे ऐकलं आणि मी तिथेच रडले.

औषध होतं क्लोबेटासॉल, ०.०५ टक्के, स्टेरॉइडचं मलम. मेडिकलवाला म्हणाला, "फार स्ट्राँग आहे, नाजूक जागी लावू नका." आतल्या कागदावरही तसंच. चार दिवस ट्यूब कपाटात पडून राहिली. शेवटी फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, "काकू, या आजाराला हेच पहिलं औषध आहे. घाबरायचं ते जास्त लावायला."

माप त्यांनी बोटावरच दाखवलं होतं. तर्जनीच्या टोकाच्या पेरावर, अर्ध्या पेराएवढीच रेघ. पांढऱ्या भागावर हलक्या हातानं जिरवायची. पहिला महिना रोज रात्री, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यातून दोनदा. ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरली पाहिजे. मला पुरली, वर उरलीही. साबण बंद, नुसतं पाणी. लघवी झोंबू नये म्हणून व्हॅसलिनचा हात.

तिसऱ्या आठवड्यात मी सलग रात्रभर झोपले. चिरा भरल्या. पांढरेपणा थोडा राहिलाय, सपाट झालेलं परत येत नाही. हा आजार मुळापासून जात नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा मलम चालूच आहे. थोड्या जणींना त्या जागी पुढे कॅन्सर होऊ शकतो, नियमित उपचारानं तो धोका कमी होतो. म्हणून महिन्यातून एकदा आरसा घेते. गाठ, जाड चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर लगेच जायचं, असं बजावलंय.

परवा नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, मलाही तसंच होतंय. तुझी ट्यूब दे ना." दिली नाही. तिची खाज खरंच गजकर्णाची असेल तर याच मलमानं ते आतल्या आत पसरेल, वरून बरं दिसेल. माझ्या भाच्याच्या जांघेत तेच झालं होतं, दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमानं. तिची गुरुवारची वेळ घेतलीय. सोबत मी जातेय.