हिरवा निम्मा केला, रांग आटली

चौकात कोंडी झाली की सिग्नलचा हिरवा दिवा वाढवा, ही मागणी ठरलेली. त्या चौकात ते करूनही झालं होतं. सिग्नलचा पूर्ण फेरा १२० सेकंदांचा, त्यात मुख्य रस्त्याला ६० सेकंद हिरवा. तरी संध्याकाळची रांग हटेना. रुंदीकरणाचा प्रस्ताव टेबलावर आला होता. त्याआधी एकदा मोजणी करून ये म्हणून मला पाठवलं.

रांगेच्या शेपटाकडे मी गेलोच नाही. कोंडी दिसते तिथे, पण होते तोंडाशी. स्टॉपवॉच घेऊन स्टॉप लाइनजवळ उभा राहिलो. रांग सुटताना एका लेनमधून साधारण दर २ सेकंदांना एक गाडी बाहेर पडते. हिरवा लागला, दोन्ही लेन सुटल्या. डावीकडून सहा गाड्या गेल्या आणि ती लेन ओस पडली. हिरवा चालूच, मागे गाड्यांचा खच, आणि अर्धी स्टॉप लाइन रिकामी! पुढच्या फेऱ्यातही तेच.

डाव्या कडेचं पार्किंग स्टॉप लाइनच्या जेमतेम ४० मीटर अलीकडे संपत होतं. तेवढ्या जागेत सहाच गाड्या मावतात. त्या पहिल्या १४-१५ सेकंदांत निघून जातात. उरलेली ४५ सेकंदं दोन लेनचा रस्ता एकाच लेनने वाहतो. म्हणजे हिरवा जितका लांबवू तितका हा एकेरी काळ वाढणार. वाढवलेला हिरवा असा वाया जात होता.

ड्युटीवरच्या हवालदारांना म्हटलं, "फेरा निम्मा करू या. हिरवा २८ सेकंद."

"साहेब, लोक मला खातील," ते म्हणाले.

वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. सुरुवातीची दोनेक सेकंदं गाड्या हलण्यात जातात, ती वजा करून ६० सेकंदांच्या हिरव्यात उजवीकडून २९ आणि डावीकडून ६, एकूण ३५ गाड्या. तासाला ३० फेरे, म्हणजे १०५०. हिरवा २८ केला तर १३ आणि ६ मिळून १९, पण फेरे ६०, म्हणजे ११४०. दिवा बदलताना दरवेळी चारेक सेकंद फुकट जातात, ती धरूनही फायदाच. त्यातून पार्किंग आणखी ५० मीटर मागे गेलं, तर डावीकडूनही १३ सुटतील आणि आकडा १५६० वर जाईल. आख्खा रस्ता मोकळा करायची गरजच नाही. एका हिरव्यात जेवढ्या गाड्या सुटतात, तेवढ्यांना पुरेल इतकीच लेन मोकळी हवी. रुंदीकरणाच्या प्रस्तावात मात्र पार्किंग होतं तिथेच होतं!

फेरा याहून फार छोटा करता येत नव्हता. आडवा रस्ता ओलांडणारे पादचारी याच हिरव्यात जातात, १.२ मीटर प्रतिसेकंद चालीने १४ मीटरला १२ सेकंद लागतात, शिवाय निघायला थोडी सवड.

संध्याकाळी वेळा बदलल्या, ट्रॅफिक कोन लावून पार्किंगचा शेवटचा पट्टा मोकळा केला. गाड्या हलवताना बरंच ऐकून घेतलं, ते लिहीत नाही. गर्दीच्या ऐन वेळेत रांग वाढायची थांबली, मग मागे सरकू लागली. हवालदार दोनदा शेपटापर्यंत चालत जाऊन खात्री करून आले.

मग त्यांनी पुढच्या चौकाचाही फेरा निम्मा करायला सांगितलं. तिथे नकार द्यावा लागला. त्या चौकात दोन्ही लेन लांबवर मोकळ्या, हिरवा शेवटच्या सेकंदापर्यंत भरून वाहतो. फेरे वाढवले तर फक्त दिवा बदलतानाची ती फुकट जाणारी चार-चार सेकंदं वाढणार. त्यांना ते पटलं नाही. "उद्या तिथेही घड्याळ लावून बघू," म्हणाले.