रेडिएटरचा फॅन लागत नाही तेव्हा: आधी करंट शोधा, पार्ट नंतर

गाडी हायवेला अगदी शहाण्यासारखी चालते, टेम्परेचरचा काटा मध्यावर असतो, आणि मग ट्रॅफिकमध्ये अडकलो किंवा सिग्नलला जरा जास्त वेळ उभं राहिलो की तोच काटा वर सरकायला लागतो, गाडी पुन्हा पळाली की खाली येतो. असं होत असेल तर पहिला संशय रेडिएटरच्या फॅनवर घ्यायचा. वेगात असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर गार करतो, फॅनचं तिथे काही काम नसतं, गाडी थांबली की वारा बंद आणि सगळी मदार फॅनवर. याउलट हायवेलाच गाडी तापत असेल तर फॅनच्या मागे लागू नका, तिथे थर्मोस्टॅट, वॉटर पंप, आतून चोक झालेला रेडिएटर नाहीतर कमी झालेलं कूलंट बघायचं.

इकडे परदेशात आल्यापासून गाडीचं बरंच काम मी स्वतः बघायला लागलो, कारण गॅरेजची वेळ मिळेपर्यंत गाडी दारात उभी राहते आणि गाडीशिवाय कामाला जायचे वांधे होतात. आणि थंड देशात या फॅनची एक गंमत आहे. बाहेर शून्याच्या खाली असताना रेडिएटरला इतकी गार हवा मिळते, वर केबिनचा हीटर पण इंजिनची उष्णता ओढून घेत असतो, की फॅनला क्वचितच लागावं लागतं. म्हणजे तो हिवाळ्यात कधीतरी बंद पडलेला असतो आणि आपल्याला कळतं ते पहिल्या उकाड्यात. त्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते खारट पाणी खालून उडून कनेक्टरमध्ये, अर्थच्या (म्हणजे निगेटिव्ह वायर बॉडीला जोडणाऱ्या) बोल्टवर जाऊन बसतं आणि गंज धरतो. माझा फॅन असाच उन्हाळा लागता लागता बंद सापडला.

माझ्या मामांनी अख्खं आयुष्य गाड्यांची वायरिंग करण्यात घालवलं. त्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि विचारलं, "मामा, फॅनची मोटर गेली वाटतं, नवीन मागवू का?" तर ते म्हणाले, "अरे थांब, पार्ट कुठे पळून जातोय? आधी करंट कुठपर्यंत येतोय ते बघ." हे वाक्य मला इतकं पटलंय की हा सगळा लेखच त्याच्यावर उभा आहे. फॅन हा साखळीतला शेवटचा गडी. त्याच्याआधी दोन वाटा आहेत. एक हुकुमाची वाट, म्हणजे टेम्परेचर सेन्सर, तिथून ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर), तिथून रिलेची (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइल. दुसरी ताकदीची वाट, म्हणजे बॅटरी, मोठा फ्यूज, रिलेचा कॉन्टॅक्ट, कनेक्टर, मोटर आणि शेवटी अर्थ. यातलं काहीही तुटलं तरी दिसतं एकच, फॅन फिरत नाही. म्हणून अंदाजाने सेन्सर बदल, मग रिले बदल, मग मोटर बदल असं करणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं, पैसे जातात आणि गाडी तापायची ती तापतेच.

हात घालायच्या आधी दोन गोष्टी. बऱ्याच गाड्यांत इग्निशन बंद असलं तरी फॅन अचानक सुरू होऊ शकतो, त्यामुळे पात्यांजवळ बोटं न्यायची असतील तर आधी फॅनचं कनेक्टर काढा नाहीतर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. आणि गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. साधं पाणी १०० अंशाला उकळतं, पण कूलिंग सिस्टीम दाबाखाली असते, साधारण १ बारच्या आसपास जास्तीचा दाब, त्यामुळे आतलं पाणी-कूलंटचं मिश्रण १२० च्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. थंड होऊ द्या, मगच उघडा.

आता सुरुवात. सगळ्यात सोपी टेस्ट म्हणजे इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर लागला की फॅन पण लागतो, इंजिन गरम असो वा नसो. एसीवर फॅन फिरला तर ताकदीची वाट बरीचशी ठीक आहे असं समजा आणि सेन्सरच्या बाजूला जा. दोन फॅनवाली गाडी असेल तर नक्की कुठला फिरतोय ते वाकून बघा, कारण काही गाड्यांत एसीचा फॅन वेगळा असतो.

सेन्सरकडे जायच्या आधी कूलंटची लेव्हल बघा, ही पायरी लोक हमखास गाळतात. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असला तरच खरं तापमान सांगतो. कूलंट कमी असेल किंवा आत एअरलॉक असेल तर सेन्सरच्या तोंडाशी नुसती हवा, तो कमी तापमान सांगत राहतो, ईसीयूला वाटतं सगळं आलबेल आहे, आणि तिकडे इंजिन भाजून निघतं. फॅन न लागण्याचं कारण असं नुसतं कमी झालेलं कूलंट पण असू शकतं.

सेन्सर म्हणजे आत एक थर्मिस्टर असतो, गार असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त आणि तापला की कमी. बऱ्याच गाड्यांत २० अंशाला २ ते ३ किलोओहम आणि ८०-९० अंशाला २००-३०० ओहमच्या आसपास असतो. साधा ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे आणि बिघाडाचे कोड दाखवणारं यंत्र) असेल तर मल्टिमीटरची (व्होल्ट, ओहम मोजायच्या मीटरची) पण गरज नाही. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी स्कॅनर लावायचा, कूलंटचं तापमान आणि इंजिनमध्ये जाणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. बाहेर १५ अंश आहे आणि कूलंट उणे ४० दाखवतंय तर सेन्सर किंवा त्याची वायर तुटलीय हे उघड आहे. अजून एक युक्ती, इंजिन चालू असताना सेन्सरचं कनेक्टर काढलं तर पुष्कळ गाड्यांत ईसीयू घाबरून फॅन फुल स्पीडला लावतो, काही कळत नसेल तर गार करत राहा हा त्याचा हिशोब. तसा फॅन लागला तर रिले, मोटर, वायरिंग सगळं पास. नंतर चेक इंजिनचा दिवा राहिला तर कोड क्लिअर करून टाका. पी ०४८० असा कोड आधीपासून असेल तर तो फॅनच्या कंट्रोल सर्किटचा, पण तो कोड म्हणजे रिले बदला असा अर्थ नाही, नुसतं त्या गल्लीत शोधा एवढंच तो सांगतो. जुन्या गाड्यांत ईसीयूच्या ऐवजी रेडिएटरलाच थर्मोस्विच असतो, साधारण ९० ते १०० अंशांच्या मध्ये कुठेतरी जोडला जाणारा, त्याच्या दोन वायर एकमेकींना जोडल्या आणि फॅन फिरला तर स्विच गेला.

एसीवरही फॅन नाही लागला (माझ्याकडे हेच झालं) तर ताकदीच्या वाटेवर या. फ्यूज आधी. फॅनचा फ्यूज मोठा असतो, ३० किंवा ४० अँपिअरचा, बोनेटखालच्या डब्यात. उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा लावा. लगेच परत उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी घासून बॉडीला लागतेय, आणि अशा वेळी मोठा फ्यूज टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण, फ्यूजच्या जागी मग वायर जळते.

फ्यूज ठीक असेल तर रिले. त्याच डब्यात त्याच नंबरचा दुसरा रिले बहुतेक सापडतो, हॉर्नचा वगैरे, अदलाबदल करून बघा. रिले टक् वाजतो म्हणून तो चांगला असं धरू नका, आवाज कॉइलचा असतो, आतला कॉन्टॅक्ट जळून काळा झालेला असला तरी टक् वाजतोच.

आता माझ्या मते सगळ्यात जास्त सांगून जाणारी टेस्ट. रिले काढा, सॉकेटमध्ये ३० नंबरच्या पिनला बॅटरीचे १२ व्होल्ट यायला हवेत. मग ३० आणि ८७ या दोन पिना फ्यूज लावलेल्या जाड वायरने जोडा. फॅन फिरला तर त्याच्यापुढचं सगळं चांगलं, दोष रिलेत किंवा हुकुमाच्या वाटेवर. नाही फिरला तर दोष कनेक्टर, मोटर किंवा अर्थमध्ये. एका वायरने अर्धी गाडी संशयातून बाहेर. फक्त पिना डब्याच्या झाकणावरच्या किंवा मॅन्युअलमधल्या आकृतीवरून नीट ओळखा, ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना, त्यातली एक ईसीयूकडे जाते, तिथे चुकून १२ व्होल्ट दिले तर ईसीयू जाऊ शकतो.

माझा फॅन या टेस्टला ढिम्म. मग मोटर डायरेक्ट करून बघितली, म्हणजे कनेक्टर काढून बॅटरीपासून फ्यूज लावलेल्या दोन वायरी थेट मोटरला, आणि ती जोरात फिरली. म्हणजे मोटर जिवंत आहे, रिलेपर्यंत करंट आहे, मधेच कुठेतरी हरवतोय. (मोटर डायरेक्ट करूनही फिरली नाही तर मोटरच्या बॉडीवर लाकडाने हलकेच ठोका, तेवढ्याने सुरू झाली तर आतले कार्बन ब्रश झिजलेत, मोटरचे दिवस भरले.)

मग मी रिलेच्या जागी ती वायर तशीच ठेवून काढलेल्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावला, १२.४ व्होल्ट! सगळं ठीक दिसतंय की. मामा म्हणाले, "मीटर ठेव बाजूला, हेडलाइटचा बल्ब लाव." बल्ब लावला तर नुसती तांबूस तार दिसली, उजेड नाही. मीटरला करंट लागतच नाही, वायरचा एक केसाएवढा तंतू जोडलेला असला तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. ५५ वॅटच्या बल्बला साडेचार अँपिअर लागतात, तिथे खोटं उघडं पडतं. कनेक्टर उजेडात धरून बघितलं तर एका पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन बसलेलं, पिन काळपट, आणि तिची पकड इतकी ढिली की समोरची पिन आत घातली तर आपोआप बाहेर यायची. मामांना स्क्रीनवर दाखवलं, ते लगेच म्हणाले, "तिथेच आहे, बघ किती भाजलंय ते."

असं का होतं ते सांगतो. फॅन सुमारे २० अँपिअर ओढतोय असं धरा. गंजामुळे जोडात नुसता ०.१ ओहमचा रेझिस्टन्स आला तरी तिथे २ व्होल्ट खर्च होतात आणि ४० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे कनेक्टरच्या आत एक सोल्डरिंग गन सतत चालू ठेवल्यासारखं. प्लॅस्टिक वितळतं, पिनेची स्प्रिंग मरते, पकड अजून सुटते, रेझिस्टन्स अजून वाढतो. अर्थच्या बोल्टचंही हेच. तो तपासायचा तर फॅन चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी मोटरच्या अर्थ वायरला लावायची, ०.२ व्होल्टच्या आत असेल तर छान, अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर बोल्ट काढून बॉडीपर्यंत घासून चकचकीत करा.

मी जुनं कनेक्टर कापून वायरसकट मिळणारं नवीन लावलं, नीट क्रिंप करून वर गोंदवाली हीट श्रिंक नळी, म्हणजे मिठाचं पाणी आत शिरणार नाही. नुसती वायर पिळून वर टेप गुंडाळू नका, एवढ्या करंटला ते टिकत नाही. आणि एक गोष्ट नक्की करा, क्लॅम्प मीटरने (वायरभोवती अडकवून करंट मोजायच्या मीटरने) मोटर किती करंट ओढतेय ते बघून घ्या. बेअरिंग घासत असलेली मोटर जास्त ओढते आणि नवीन कनेक्टर पण तसंच भाजून काढते. माझी मोटर तिच्या मर्यादेत होती म्हणून ठेवली.

फॅन फक्त हळू स्पीडला लागत नसेल आणि फुल स्पीडला लागत असेल तर फॅनजवळचा रेझिस्टर बघा, जुन्या डिझाइनमध्ये तो जळतो. आणि नव्या गाड्यांत फॅनलाच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तीन-चार वायरी असतात, स्पीड सिग्नलवर ठरतो, तिथे बॅटरीची थेट वायर लावायची नाही, स्कॅनरमधून फॅन चालू करायचा हुकूम देऊन बघायचं.

रस्त्यातच काटा वर गेला तर एसी बंद करा, हीटर फुल गरम करून ब्लोअर फुल सोडा, खिडक्या उघडा. हीटरच्या आत छोटा रेडिएटरच असतो, तो बरीच उष्णता बाहेर काढतो, बाजूला घेईपर्यंत तेवढा वेळ मिळतो. काटा लालमध्ये गेला तर "जवळच तर आहे घर" असं म्हणू नका, थांबवा आणि इंजिन बंद करा. ॲल्युमिनियमचं हेड वाकलं आणि हेड गॅस्केट गेलं की फॅनच्या कितीतरी पट मोठं काम निघतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणी पण ओतू नका, तडा जाऊ शकतो.

दुरुस्ती झाल्यावर गाडी मोकळ्या हवेत उभी करून एसी बंद ठेवून चालू द्या, स्कॅनरवर आकडा बघत राहा. माझ्या गाडीत ९८ ला फॅन लागतो आणि ९२-९३ ला बंद होतो, प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा. एकदा लागला म्हणून लगेच बोनेट लावू नका, लागणं-बंद होणं असं दोन-तीनदा होऊ द्या, मग फॅन थांबलेला असताना इंजिन बंद करून नव्या कनेक्टरला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर तो जोड परत उघडा.