म्हशीसाठी दहा फुटी रॅम्प

पिकअपचा फाळका पाडून टेप लावली, तर हौद्याची कड जमिनीपासून ३३ इंच भरली. गिऱ्हाईक म्हणालं, "मिस्त्री, सहा फुटी रॅम्प करा, हौद्यात मावला पाहिजे." सहा फुटांत ३३ इंच चढायचं म्हणजे २७ अंशांचा चढ. मोटारसायकल ढकलत न्याल, पाचशे किलोची मुऱ्हा कशी न्याल? दहा फूट धरले की तोच चढ १६ अंशांवर येतो. मी दहावर अडून बसलो. दोन दिवस त्यांचा फोन आला नाही, मग आला.

एरवी आमच्याकडे गाडीची मागची चाकं चारीत उतरवतात आणि जनावर बांधावरून सरळ आत घेतात. बाजारात दगडी धक्का असतो. यांच्या दारात आता सिमेंटचा रस्ता झालाय, बांध गेला, चारी बुजली. म्हणून हा खटाटोप.

माझ्याकडे मोडीत काढलेल्या बैलगाडीच्या बाभळीच्या दांड्या पडून होत्या. त्या तासून रॅम्पचे लांब दांडे केले. बाभळीत खिळा ठोकायला जाल तर वाकतो, म्हणून गिरमिटानं भोकं पाडली आणि दोन्ही बाजूंना वायसर घालून नट-बोल्ट आवळले. वर दीड इंची कडुनिंबाच्या आडव्या फळ्या टाकल्या, त्याला सहसा कीड लागत नाही. उचलायला झेपावा म्हणून दीड-दीड फूट रुंदीचे दोन भाग केले आणि मधल्या फटीवर पट्टी मारली, कारण पायाखाली उजेड दिसला की जनावर बिचकतं. मधोमध खालून टेकू द्यायला घोडी.

पाय अडायच्या पट्ट्यांत मात्र लोक हमखास चुकतात. शिडीसारख्या जवळजवळ मारतात, मग खूर पट्टीच्या डोक्यावरच बसतो आणि घसरतो. मी गोठ्यासमोरच्या चिखलात उठलेला तिचा खूर मापला. तो दोन पट्ट्यांच्या मध्ये सपाट बसावा एवढं, आठ इंचांचं, अंतर ठेवलं. पट्टीची वरची कड काटकोनात, खालची रंध्यानं गोल. चढताना नख अडखळू नये, आणि खूर मागे सरकला तर वरच्या कडेला अडावा.

खरी डोकेफोड वरच्या टोकाची. पाडलेल्या फाळक्यावर रॅम्प टेकवणारे खूप बघितलेत. फाळक्याच्या साखळ्या म्हशीच्या वजनासाठी नसतात. टोक हौद्याच्या कडेलाच अडकवायला हवं. जनावराचे पुढचे पाय आत पडले की गाडीचे स्प्रिंगचे पाटे दबतात आणि हौदा खाली बसतो. हूक घट्ट असेल तर तो उचकटतो. लोहाराकडून पाइपात फिरणारे दोन हूक करून घेतले, वर साखळीही लावली. लोहार म्हणाला, एवढं कशाला. त्याला प्रत्येक कामात एवढं कशाला वाटतं.

चढवायच्या दिवशी निम्मी आळी गोळा झाली. गाडी सरकू नये म्हणून चाकांना उटी लावली. फळ्यांवर ओली माती आणि कडबा पसरला, पोकळ आवाज कमी व्हावा म्हणून. म्हैस निम्म्यापर्यंत सरळ आली आणि तिथेच रुतून उभी राहिली. मग सुरू झाली माणसं. एकानं शेपूट पिळली, दुसऱ्यानं दांडकं उगारलं, तिसरा मोबाइल धरून उभा. ड्रायव्हर मला ट्रकमध्ये सहाच जनावरं चालतात हा नियम सांगत होता. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८च्या त्याच नियमांत जनावरं चढवा-उतरवायला योग्य फलाट वापरा, असंही आहे. नाक्यावर ते कुणी विचारत नाही, म्हणून पाठही नाही.

घरातल्या आजी ओट्यावरून ओरडल्या, "अरे, ती ताडपत्री काढा आधी! अंधारात कशाला जाईल ती?"

उन्हाचा म्हणून हौद्यावर ताडपत्री बांधली होती. पोरानं ती सोडली, आत उजेड पडला. दांडकेवाल्याला आजींनीच खाली हाकललं. थोडा वेळ ती नुसती हुंगत राहिली. मग एक पाय, दुसरा पाय. दोन्ही आत पडले तशी गाडी करकरत खाली बसली. माझी नजर हुकांवर. ते पाइपात फिरले, फळीची कड जागची हलली नाही, आणि मागचे पायही आत गेले.

पैसे देताना गिऱ्हाईक म्हणालं, "मिस्त्री, खरं तर ताडपत्रीनंच अडलं होतं. सहा फूटही चाललं असतं." मी नुसतं हसलो. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच. २७ अंशांवर ती उजेड बघत तेवढा वेळ शांत उभी राहिली असती का? पाय सरकून गुडघ्यावर आली असती, तर नंतर कुठल्याच फळीवर चढली नसती. हे त्यांना पटवून कसं द्यायचं?

त्यांच्या भावकीतला एक जण परवा आला होता, सात फुटी हवाय म्हणून. दहाच्या खाली करत नाही म्हटल्यावर फॅब्रिकेशनवाल्याकडे गेला. तो पत्र्याचा करून देतोय.