दोन पॅनल, दोन रेट

"ताई, दोन्ही पॅनल भारतातच बनलेत, पण आतला सेल, म्हणजे उन्हाची वीज करणारा तुकडा, बाहेरचा असेल तर सबसिडी नाही मिळत." सोलरवाला दादा आज गच्चीवर माप घेताना बोलून गेला आणि तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय.

केंद्राच्या पीएम सूर्यघर या गच्चीवरच्या सोलरच्या योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते, पण सेल आणि मॉड्यूल (सेल जोडून केलेलं अख्खं पॅनल) दोन्ही इथलेच लागतात, म्हणजे डीसीआर (देशी मालाची अट पाळणारं) पॅनल, आणि त्याचा रेट चांगलाच जास्त.

का? जोडणी आपल्याकडे भरपूर होते हो, पण सेलच्या मागे वेफर (सिलिकॉनची पातळ चकती), त्याच्या मागे इनगॉट (ती कापतात तो ठोकळा), त्याच्याही मागे पॉलिसिलिकॉन (शुद्ध केलेलं सिलिकॉन), आणि ही कामं प्रचंड वीज न् भांडवल खाणारी, त्यात आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या (आयईए) २०२२ च्या रिपोर्टप्रमाणे प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर. एवढ्या प्रमाणावर माल काढला की रेट पडणारच.

एप्रिल २०२२ पासून आपण बाहेरच्या मॉड्यूलवर ४० टक्के ड्युटी लावली, कारखाने उभे राहिले, मला मनापासून बरं वाटतं त्याचं. मी डीसीआरच घेणार, जास्त पैसे गेले तरी.

पण वेफर बाहेरूनच येत राहिला तर माझ्या त्या जादा पैशांतले इथे नक्की किती राहणार?