डाग दिसायच्या आधी तेल्या काय करतो

सांगोल्याकडच्या आमच्या डाळिंबाच्या बागेत आता मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचा बहार, धरत नाहीत. कारण एकच, तेल्या हा रोग. पावसाळी हवा, कोवळी पालवी, आणि पानावर तेलकट, पाणचट ठिपका. पान उन्हाकडे धरलं की त्या ठिपक्यातून उजेड आरपार येतो. फळावर आला की साल तडकते आणि भगवा वाणाचं चांगलं डाळिंब मातीमोल होतं. मी वनस्पती रोगशास्त्राकडे वळले ती या रोगापायीच.

तेल्याचा जिवाणू म्हणजे झँथोमोनास. प्रयोगशाळेत सकस खाद्यावर त्याच्या पिवळ्या, चकचकीत, बुळबुळीत वसाहती उठतात. पण असा पोटभर खाऊन वाढत असताना त्याची रोग घडवणारी मुख्य जनुकं जवळपास बंद असतात. मला या जिवाणूची सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट हीच.

या जनुकांना एचआरपी म्हणतात. त्यांच्यापासून एक सूक्ष्म सुई तयार होते आणि तिच्यातून जिवाणू आपली प्रथिनं थेट झाडाच्या पेशीत सोडतो. ती प्रथिनं झाडाची प्रतिकारशक्ती दाबून टाकतात. सुई बांधायला ताकद लागते, म्हणून ती उगाच बांधली जात नाही. पर्णरंध्रातून किंवा जखमेतून जिवाणू पानात शिरतो, पेशींमधल्या फटीत पोचतो. तिथे खाद्य तुटपुंजं आणि वातावरण आंबूस. हे जाणवलं की एचआरपी-जी नावाचं प्रथिन एचआरपी-एक्सला जागं करतं, आणि एचआरपी-एक्स सुईची आणि तिच्यातून जाणाऱ्या प्रथिनांची जनुकं चालू करतं. ही साखळी उलगडली ती मुख्यतः ढोबळी मिरची-टोमॅटोवरच्या झँथोमोनासमध्ये. प्रयोगशाळेत ती चालू करायची तर जिवाणूला मुद्दाम अर्धपोटी ठेवावं लागतं, आंबूस आणि निकस द्रावणात.

दुसरा भाग जिवाणूंच्या संख्येचा. कोबीच्या काळ्या कुजीच्या जिवाणूत आरपीएफ नावाचा जनुकांचा गट सापडला, त्याचं वर्णन १९९१ मध्ये प्रसिद्ध झालं. या जनुकांच्या जोरावर हे जिवाणू डीएसएफ नावाचा एक स्निग्धाम्लाचा रेणू बाहेर सोडतात. त्याची नेमकी रचना २००४ मध्ये कळली. गर्दी वाढली की रेणू साठतो, आणि पेशीभित्तिका विरघळवणारी विकरं, चिकट डिंक यांचं उत्पादन सुरू होतं. द्राक्षवेलीवरच्या झायलेला नावाच्या जिवाणूत मात्र नेमकं उलट! तिथे हा रेणू बनवू न शकणारा जिवाणू वेलीला जास्त छळतो, पण किडीमार्फत दुसऱ्या वेलीवर जाऊ शकत नाही. एकाच रेणूचा अर्थ प्रत्येक जिवाणू आपल्या जगण्याप्रमाणे लावतो, त्यामुळे एका पिकावरचा उपाय डोळे झाकून दुसऱ्यावर नेता येत नाही.

बागेत याचा अर्थ सरळ आहे. ठिपका दिसतो तेव्हा ही जनुकं कधीच चालू होऊन गेलेली असतात आणि जिवाणू पानाच्या आत असतो. फवारणीचं बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) पानाच्या वरच राहतं, आतल्या जिवाणूपर्यंत पोचत नाही. म्हणून रोगमुक्त रोपं, छाटणीच्या कात्रीचं निर्जंतुकीकरण, रोगट फांद्या-फळं गोळा करून जाळणं आणि पावसाआधीची फवारणी यांवर मी घरी सारखी भांडते.

जिवाणूला न मारता फक्त त्याची सुई बंद पाडणारी संयुगं जगभर शोधली जात आहेत. जिवाणू मरतच नाही, त्यामुळे त्यांना दाद न देणारे वाण तयार व्हायचा दबाव कमी राहील, अशी अपेक्षा आहे. मला ही संयुगं डाळिंबावर तपासायची आहेत, आणि तीही प्रयोगशाळेच्या ताटलीत नव्हे, मृग बहार धरलेल्या बागेत.