यान मोठं दिसायला हवं, तर उजेड कमी करा

पॅनेलन् पॅनेल बारकाईने उभं केलेलं अंतराळयान रेंडरमध्ये, म्हणजे संगणकाने काढलेल्या अंतिम चित्रात, खेळण्यासारखं दिसतं, तेव्हा दोष बहुतेक वेळा मॉडेलचा नसतो, प्रकाशयोजनेचा असतो. स्टुडिओच्या सवयीने तीन दिवे लावले जातात, सगळ्या बाजू छान उजळतात आणि तीनशे मीटरचं यान तळहातावर मावेलसं होतं. ही टिपणं ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर आणि त्यातलं सायकल्स हे रेंडर इंजिन धरून आहेत. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बटणं वेगळी असतील, हिशेब तोच.

आधी वर्ल्ड, म्हणजे दृश्याभोवतीची पार्श्वभूमी. ब्लेंडरच्या नव्या फाइलमध्ये पार्श्वभूमी काळी नसते, गडद करडी असते, आणि तेवढा करडा रंगही सावल्यांत धुरकट उजेड भरतो. तो शून्यावर आणा. ताऱ्यांचं चित्र लावायचं असेल तर लाइट पाथ नोडच्या (नोड म्हणजे जोडणीतला एक ठोकळा) ‘इज कॅमेरा रे’मधून ते फक्त कॅमेऱ्याला दिसेल असं करा.

मग एकच सन लॅम्प, म्हणजे सूर्याचं काम करणारा दिवा. त्याचा अँगल मुळातच ०.५२६ अंश असतो, म्हणजे पृथ्वीवरून दिसणाऱ्या सूर्यबिंबाएवढा. पूर्णचंद्रही जवळपास तेवढाच दिसतो, त्यामुळे हा आकडा काय करतो ते त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र डोक्यावर आला की माडाखाली बघता येतं. बुंध्याची सावली पुळणीवर रेखीव, शेंड्यावरच्या झावळ्यांची मात्र कडा विरलेली. वस्तू आणि पृष्ठभाग यांतल्या अंतराला ०.००९ ने गुणलं की कडा किती पसरेल ते कळतं. १५ मीटरवरची झावळी असेल तर साधारण १४ सेंटिमीटर. यानाच्या पाठीवरच्या १५ मीटर उंच अँटेनाचंही तेच, पण तीनशे मीटरच्या यानावर १४ सेंटिमीटर कुणाच्या डोळ्यांत येणार? म्हणून मोठ्या यानाची सावली धारदारच हवी. अँगल ५ अंशांवर नेला की सावल्या मऊ होतात आणि मॉडेल टेबलावर ठेवल्यासारखं वाटतं. मंगळापाशी ०.३५ आणि गुरूपाशी ०.१ अंश ठेवा.

पृथ्वीच्या कक्षेत सूर्याची तीव्रता दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट असते. फाइलमध्ये ५ ठेवली तरी चालते, बाकी एक्सपोजर सांभाळतं. गुरूपाशी मात्र ती २७ पट कमी होते. गुरूजवळचं दृश्य आणि पृथ्वीजवळचं दृश्य एकाच चित्रफितीत असेल तर हा फरक प्रत्यक्षात कॅमेऱ्याच्या एक्सपोजरमध्येच जिरेल. यानाचे स्वतःचे दिवे तिथे जास्त झळकतील, एवढं लक्षात ठेवा.

सूर्य कॅमेऱ्यामागे ठेवू नका. पृष्ठभागाला १० ते २० अंशांनी घासत जाणारा प्रकाश असला तरच पॅनेलच्या फटी, रिव्हेट, पाइप उठून दिसतात. त्यासाठी कडांना बेव्हल, म्हणजे किंचित गोलाई, लागतोच: पाच मीटरच्या पॅनेलला दोन-तीन सेंटिमीटर, दोन सेगमेंट. पण इतक्या तिरप्या प्रकाशात स्मूद शेडिंगच्या (गुळगुळीत भासवलेल्या) वक्र भागांवर काळ्या पायऱ्या दिसू लागतात. तो मॉडेलचा भेग गेलेला जोड नव्हे. ऑब्जेक्टच्या शेडिंग विभागातला टर्मिनेटर ऑफसेट थोडा वाढवा, किंवा मॉडेलची जाळी (मेश) अधिक बारीक करा.

सगळ्यात जास्त घोटाळा धातूचा होतो. मेटॅलिक १ ठेवलेला पत्रा भोवतालचं प्रतिबिंब दाखवतो, आणि भोवती काळंकुट्ट आकाश असलं की यान कोळशागत काळं पडतं. मग माणसं दिवे वाढवत बसतात. सांगाड्यावर रंग चढलेला आहे असं धरा: मेटॅलिक ०, रफनेस (खडबडीतपणा) पॅनेलनुसार ०.३५ ते ०.५५. उघडा धातू नळ्यांपुरता आणि नोझलपुरता.

भरावाचा उजेड हवा असेल तर तो ग्रहाकडून घ्या. पृथ्वीपासून ४०० किलोमीटरवर ग्रह आकाशाचे सुमारे १४० अंश व्यापतो आणि पडलेल्या प्रकाशाचा साधारण ३० टक्के परत पाठवतो. सूर्य माथ्यावर असताना पृथ्वीकडच्या बाजूला सूर्याच्या पाव भागाएवढा निळसर उजेड पोचतो, दिवसरात्रीच्या सीमेवर जवळजवळ शून्य. चंद्राएवढ्या अंतरावर पृथ्वी दोनच अंशांची, म्हणजे तिथे सावलीची बाजू काळीच राहू द्या.

आता यानाचे स्वतःचे दिवे. अंधार पडल्यावर हर्णै बंदरात येणारा ट्रॉलर बघा. हल, म्हणजे बोटीचं धड, दिसत नाही, डेकवरच्या दिव्याखालचा जाळ्यांचा ढीग आणि केबिनची एक भिंत दिसते, बाकी काळोख. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, प्रत्येकी ११२.५ अंशांत दिसणारा. बोटीची लांबी आपण दिव्यांमधल्या अंधारावरून ताडतो. यानावरही तसंच करा: छोटे स्पॉट, हलच्या जवळ, तिरपे, दोन उजेडांमध्ये भरपूर काळी जागा. सर्चलाइटचा झोत मात्र उसना घेऊ नका, तो किनाऱ्यावर दिसतो तो दमट हवेमुळे. निर्वातात झोत नसतो, फक्त जिथे पडतो तो ठिपका. आणि मॉडेलची मापं दहापट केली तर सन लॅम्पला हात लावू नका, पण स्पॉट आणि एरिया लाइटचे वॅट शंभरपट करावे लागतील.

खिडक्या अर्ध्याहून कमी पेटवा, प्रत्येकीची तीव्रता थोडी वेगळी. दिव्याचं तापमान ब्लॅकबॉडी नोडने २७०० ते ४००० केल्विनमध्ये बदलतं ठेवा. पृथ्वीच्या कक्षेत ऊन सव्वा लाख लक्सच्या वर असतं, खोलीतला उजेड तीनशे-पाचशे. म्हणून उन्हातल्या बाजूच्या खिडक्या दिसूच नयेत, सावलीतल्याच दिसाव्यात. शेकडो चमकत्या खिडक्यांनी पांढरे ठिपके उडतात. ३.५ नंतरच्या आवृत्त्यांत मटेरियलमधलं एमिशन सॅम्पलिंग (चमकत्या पृष्ठभागाला दिवा म्हणून मोजणं) ‘नन’ करा आणि हलवर पडणारा उजेड थोड्या एरिया लाइटनी द्या. तरीही ठिपके राहिले तर इनडायरेक्ट क्लॅम्प (परावर्तित उजेडाची कमाल मर्यादा) १० वरून ४ वर आणा. चित्रातले दाणे पुसणाऱ्या डिनॉइझरवर भिस्त ठेवू नका. एका पिक्सेलची खिडकी तो सरळ पुसून टाकतो आणि ॲनिमेशनमध्ये ती लुकलुकते. तिथे सॅम्पल (दर पिक्सेलमागे सोडलेले किरण) वाढवणं हाच उपाय.

सूर्य, ग्रह, खिडक्या, इंजिन यांना वेगवेगळे लाइट ग्रुप द्या, म्हणजे प्रमाण कंपोझिटरमध्ये, रेंडर झाल्यावरही, बदलता येतं. ग्लेअर नोडचा फॉग ग्लो (धूसर चकाकी) सगळ्यात शेवटी आणि अगदी थोडा. चकाकी लेन्सची असते, यानाची नव्हे, आणि ती मोठी झाली की यान लहान होतं. व्ह्यू ट्रान्सफॉर्म (उजेडाचं पडद्यावरच्या रंगांत रूपांतर) एजीएक्स असू द्या, स्टँडर्डमध्ये इंजिनाचा मध्य सपाट रंगाचा डाग होतो.

पावसाळ्यात कोकणात रात्रभर वीज टिकेल हे गृहीत धरून थेट व्हिडिओ फाइल रेंडर करू नका. मल्टिलेअर ओपनईएक्सआर या चित्र-फॉरमॅटच्या सुट्या फ्रेम काढा, ओव्हरराइट बंद, प्लेसहोल्डर (फ्रेम सुरू होताच जागा धरणारी रिकामी फाइल) चालू. वीज गेली तर चालू फ्रेमच जाते. फक्त तिची शून्य बाइटची फाइल फोल्डरमध्ये मागे राहते; ती आधी डिलीट करा, नाहीतर ब्लेंडर ती फ्रेम झाली समजून पुढे जातो.